खोट्या बातमीला खरं रडू

१ सप्टेंबर, रविवार

आले बाप्पा एकदाची उज्जैनला! अकोल्याहून बसने येताना अंगाचा पार भुगा झाला. आईने बांधून दिलेल्या दशम्या खंडव्याच्या आतच संपवल्या आणि पुढे इंदूरला उतरून पोहे हाणले. वर जीरावन नावाचा इकडचा मसाला भुरभुरलेला होता. या गावात माझं बरं चालणार असं तिथेच वाटलं.

खोली माधव नगरात आहे. वरचा मजला, वेगळा जिना, पुढे गॅलरी, गॅलरीत कडुनिंबाच्या फांद्या. खाली घरमालक राहतात, श्रीधरकाका पागनीस आणि शैलाकाकू. त्यांचे पूर्वज म्हणे शिंदे सरकारच्या घोड्यांच्या पागेवर होते. आता काका बँकेतून रिटायर. दोघांना मूलबाळ नाही. काकूंनी दारातच ओवाळलं आणि म्हणाल्या, बेटा, पहले चाय पिऊन घे, सामान नंतर लावशील. त्यांचं मराठी हे असं, अर्ध्यावर हिंदी होणारं. ऐकायला मजा येते.

उद्यापासून कॉलेजच्या लायब्ररीत रुजू व्हायचं. घरी आई एकटी आहे, एवढीच टोचणी. बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच एकमेकींच्या. मला ना भाऊ, ना बहीण. पण आईला काही सांगायला जावं तर ती म्हणते, जाय वं, मले एकटीले लय कामं आहेत.

५ सप्टेंबर, गुरुवार

काम छान आहे. मुलं येत नाहीत, आली तर पंख्याखाली झोपतात.

आज काकांशी गप्पा झाल्या. त्यांनी विचारलं, मोबाइलवर दिवसभर काय वाचता. मी माझा लाडका फीड रीडर दाखवला. आवडत्या साइट्स एकदा जोडून ठेवायच्या, तिथे नवं काही आलं की आपोआप आपल्याकडे येऊन पडतं. माझ्याकडे रिटायर झालेल्या एका फॉरेस्टरची पाखरांची साइट आहे, गुहागरच्या एका बाईंची रेसिपीची आहे, एक शब्दकोड्यांची आणि एका रेल्वेवेड्या माणसाची. बाकीच्या ॲपांवर एकाला बोलवावं तर शंभर आगंतुक घुसतात. इथे मी बोलावलं तोच पाहुणा घरात येतो. आणि आईचं नि माझं खातं एकच आहे. तिच्या टॅबवर तेच दिसतं, माझ्या फोनवरही तेच. तिला एखादी रेसिपी आवडली की ती त्यावर चांदणी देते, आणि मला अकोल्यात काय शिजणार ते इथे कळतं.

काका एकदम खुलले. ते इथल्या मराठी मंडळाची साइट चालवतात. लग्नं, मुंजी, सत्कार, निधनवार्ता, सगळं तेच टाकतात. म्हणाले, आमचीही जोडून घ्या की. मी जोडली. खाली बारीक अक्षरात आलं, या फीडचे वाचक दोन. एक मी, मग दुसरा कोण? काका म्हणाले, तुमच्या आधी इथे पल्लवी म्हणून मुलगी राहायची, तिचं राहून गेलं असेल, तिनेच हे फीडबीड शिकवलं मला. ती आता कुठे असते विचारलं तर काकू म्हणाल्या, गेली. मग त्या वरण उतू जातंय म्हणून आत पळाल्या.

११ सप्टेंबर, बुधवार

गणपतीत काकूंनी मला एकही दिवस स्वयंपाक करू दिला नाही. मोदक झाले, इकडचे तुपात बुडवलेले कणकेचे बाफले झाले. रोज विचारतात, तुला आणखी काय काय आवडतं, सांगून ठेव. मीही निर्लज्जासारखी सांगते. भरली वांगी, बासुंदी, मिरचीचा ठेचा. परक्या गावात अशी माया कुणाच्या नशिबी येते! आईला सांगितलं तर ती फुरंगटली. म्हणे, राह्य मग तिथंच, काकूची पोरगी होऊन.

काकांची एक बहीण होती देवासला, जयूआत्या. ती गेल्या वर्षी वारली. तिचा फोटो दाखवताना काकू म्हणाल्या, आता आमच्यासाठी रडणारं कुणी उरलं नाही गं. मला भरून आलं. मी म्हटलं, असं काय बोलता, मी आहे ना. काकूंनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि कितीतरी वेळ तो काढलाच नाही.

२० सप्टेंबर, शुक्रवार

आज हसून हसून पोट दुखलं.

पितृपक्ष लागलाय. काका सकाळी वडिलांच्या श्राद्धासाठी रामघाटावर गेले होते. अकराच्या सुमारास मी सुट्टी म्हणून लोळत फीड बघत होते. मंडळाच्या साइटवरून ताजी बातमी. "आमचे श्रीधर विष्णू पागनीस, वय ७४, यांचे आज सकाळी अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले." आणि खालून काकांचा आवाज येतोय, चहात साखर कमी का घातली म्हणून! मी जी खो खो हसत सुटले. तेवढ्यात आईचा फोन आला, तिनेही वाचलं होतं. म्हणते, काय वं, तुहा मालक मेला काय? मी म्हटलं, मेलेला चहाला साखर मागतोय. दोघी मिळून हसलो.

साइट उघडली तर बातमी गायब, काकांनी काढून टाकलेली. पण माझ्याकडे तिची प्रत येऊन पडलेली. फीडचं हेच असतं, एकदा आलं की आलं. तिकडे पुसलं तरी इकडे राहतं.

खाली जाऊन सरळ विचारलं. काकांनी शांतपणे सांगितलं. घाटावर कावळ्याला घास ठेवताना एक कावळा त्यांच्या डोक्यावर येऊन बसला. हे मोठं अरिष्ट. त्यावर जुना उपाय असा की आपल्या मरणाची खोटी बातमी नात्यातल्या कुणाकडे धाडायची. ते माणूस ऊर फुटून रडलं की त्या रडण्यात मरण वाहून जातं. मग सांगायचं, अहो, खोटं होतं, जिवंत आहे. हे मी आजोळीही ऐकलं होतं. पूर्वी पोस्टकार्ड धाडायचे, काका साइटवर टाकतात. जमाना बदलला!

काकूंनी मात्र भलतंच विचारलं. तू वाचून रडलीस की हसलीस? मी म्हटलं, खोटं कशाला बोलू काकू, हसले. काकू खुर्चीत टेकल्या आणि त्यांनी डोळे मिटून हात जोडले. काका म्हणाले, चला, सुटलो. मग मला वाटीभर बासुंदी.

संध्याकाळी आईला सगळं समजावलं. म्हटलं, यापुढे इथल्या कुणाची अशी बातमी दिसली तर खुशाल समज, माणूस ठणठणीत आहे. आई म्हणाली, मंग उद्या तुह्या मरणाची आली तरी म्या हसीन. मी म्हटलं, हसच.

२३ सप्टेंबर, सोमवार

फीडमध्ये काकांची ती बातमी पुन्हा वर आली आहे. शेजारी "सुधारित" असं लिहून आलंय. एखाद्या साइटने मजकूर बदलला की असं येतं. पण साइटवर तर बातमीच नाही, मग बदललं कुणी? बदल एवढाच आहे की वय ७४ च्या जागी ३१ झालंय.

मला चालू आहे एकतिसावं. काहीतरी गडबड झाली असणार.

दुपारी काकूंनी भरली वांगी दिली. ताट गॅलरीतल्या स्टुलावर ठेवून पाणी आणायला आत गेले, तेवढ्यात कडुनिंबावरचा कावळा येऊन ताटात जेवायला लागला. हुसकला तर हलला नाही. काकू अंगणातून बघत होत्या. म्हणाल्या, खाऊ दे बेटा, शुभ असतं. शुभ? मेलेल्या माणसासाठी वाढलेलं खाल्लं तर शुभ. मी तर भुकेली बसले होते.

२५ सप्टेंबर, बुधवार

आज माझं नाव आलं.

"कु. देवश्री मधुकर वानखडे, वय ३१, माधव नगर, यांचे बुधवारी सर्वपित्री अमावास्येला सकाळी अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले. त्यांच्या मागे आई आहे." अमावास्या पुढच्या बुधवारी आहे.

काका चेष्टा करताहेत असं समजून संतापाने खाली गेले. त्यांनी लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. गणपतीच्या सत्कारानंतर तिथे नवं काही नव्हतं. बातमी कुणी टाकलेली नाही. ती फक्त माझ्याकडे आहे आणि आईकडे.

वर येऊन फीडमध्ये मागे मागे जात राहिले. मंडळाचं जुनं सगळं साठून आहे, पल्लवीने जोडलं तेव्हापासूनचं. जानेवारीत बातमी आहे, सौ. शैला श्रीधर पागनीस यांचे निधन. ही तीच काकू, जी आत्ता खाली भाकऱ्या थापतेय! त्यानंतर थोड्याच दिवसांनी, कु. पल्लवी, वय २६, माधव नगर, अल्पशा आजाराने. पल्लवीची बातमी साइटवरही आहे. ती खोटी नव्हती म्हणून कुणी काढली नाही.

आईचा फोन. हसून हसून बेजार. म्हणते, वा वं पोरी, स्वतःलेच मारलं काय? "मागे आई आहे" हे लय झ्याक लिवलं. मी म्हटलं, आई, मी नाही लिहिलं. ती म्हणाली, हो हो, कावळ्यानं लिवलं.

२६ सप्टेंबर, गुरुवार

काकूंना हात जोडून विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही. पालक निवडता निवडता सांगितलं, जसं कुणी भाजीचा भाव सांगावा.

रडणारं असेल तर अरिष्ट वाहून जातं. जयूआत्या होत्या तोवर त्या रडायच्या, दर वेळी, अगदी ऊर बडवून. त्या गेल्या आणि पंचाईत झाली. मग कळलं की आणखी एक वाट आहे. बातमी वाचून आपल्याच छपराखालचं कुणी हसलं, तर ते त्याच्यावर जातं. पण हसायला माणूस परकं हवं. घरचं कसं हसेल? म्हणून वरची खोली भाड्याने देतात. म्हणून काकांनी पहिल्याच आठवड्यात मला ते फीड जोडायला लावलं.

मी म्हटलं, तुम्हाला काहीच वाटत नाही? काकू म्हणाल्या, वाटतं ना बेटा. पल्लवीच्या वेळेला मी दोन दिवस जेवले नाही. मग म्हणाल्या, पण तुझी तर आई आहे. ती रडली की सुटलीस. आमच्यासारखं थोडंच आहे तुझं.

त्या खरंच मला धीर देत होत्या. मला किंचाळावंसं वाटलं.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

हाताची नखं निळसर दिसतात. डॉक्टर म्हणाले, रक्त कमी आहे, गोळ्या घ्या.

रामघाटावर गेले. एका म्हाताऱ्या गुरुजींना धरलं. त्यांनी विचारलं, किसके निमित्त? मी म्हटलं, माझ्याच. त्यांनी हातातली दर्भाची जुडी खाली ठेवली. सगळं ऐकून म्हणाले, बेटी, इसमें पूजा-पाठ कुछ नहीं चलता। खबर झूठी चलेगी, रोना सच्चा चाहिए। घर पे कोई है?

म्हटलं, आई आहे.

तो फिर क्या चिंता, म्हणाले.

मी तिथे पायरीवर बसून ढसाढसा रडले. माझं रडणं चालत नाही. विचारून घेतलं.

२८ सप्टेंबर, शनिवार

मंडळाचं फीड काढून टाकलं. पुसलं, खातं बंद करून पुन्हा उघडलं.

आज पाखरांच्या साइटवर फॉरेस्टरचा लेख आला, वर सातभाईचा फोटो आणि खाली मजकूर माझा. देवश्री मधुकर वानखडे, वय ३१. गुहागरच्या बाईंच्या रेसिपीत साहित्याच्या जागी मी. शब्दकोड्याच्या उत्तरांत मी. माझ्या सगळ्या आवडत्या जागा, इतक्या वर्षांनी एकेक निवडून ठेवलेल्या, सगळीकडून मला मारताहेत.

आई म्हणते, एवढ्या साऱ्या साइटवर कसं काय घातलं वं, किती मेहनत घेतली! शेजारच्या बायांना टॅब दाखवून आली. सगळ्यांना हसवून आली.

मी ओरडले तिच्यावर. सगळं सांगितलं, पल्लवीचंही. शपथ घातली. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, अमावास्या झाली की म्या तुले फोन करतो आन् विचारतो, काय वं मेलेल्या पोरी, चहा झाला काय? आणि पुन्हा हसली. मीच शिकवलं तिला. बातमी आली की माणूस ठणठणीत, असं मीच सांगितलं.

२९ सप्टेंबर, रविवार

पळाले. इंदूरची बस पकडली. वाटेत फीड उघडलं — "माधव नगर" जाऊन तिथे "इंदूर रस्त्यावर, प्रवासात" झालं होतं. वारही बदलला होता. आजचा.

सांवेरला उतरले. उलटी बस. खोलीवर पोहोचले तेव्हा पुन्हा माधव नगर, पुन्हा बुधवार.

आणि अकोल्याला जाऊन करणार काय? मला समोर बघून आई रडेल कशाला? ती पोळ्या करेल.

३० सप्टेंबर, सोमवार

अकोल्याच्या आमच्या गल्लीतल्या गोपाळकाकांचे पाय धरले फोनवर. म्हटलं, जा आईकडे, सांगा मी गेले, पडेल चेहऱ्याने सांगा. काका म्हणाले, वेडी झालीस का. मग गेले बिचारे. बाबांचे मित्र.

आईने त्यांना बसवलं. चहा दिला. म्हणाली, तुमालेबी सामील केलं काय तिनं? टाळी मागितली. काका सांगताना स्वतःच रडत होते. त्यांचं चालत नाही. नात्यातलं लागतं.

फोन बंद ठेवून बघितला दिवसभर. काळजी करेल, घाबरेल — संध्याकाळी उघडला. आईचा एकच मेसेज. "स्वर्गात रेंज नाई काय?"

जेवण जात नाही. कावळाच जेवतो. काकू विचारतात, आणखी कशात जीव अडकलाय का, सांग, करते.

१ ऑक्टोबर

उठवत नाही. कॉलेजला गेले नाही. कुणी फोनही केला नाही.

आईला म्हटलं, मी तुला कधी काय वाईट बोलले असेन ते आठव. बाबा गेले ते आठव. बाबांसाठी रड, पण आत्ता रड. ती म्हणाली, तुह्या बापाचं नाव यात कायले घेतं. चिडली. चिडून चालत नाही —

खाली काका अंगण धुताहेत. काकूंनी नव्या भाडेकरूची जाहिरात — नाही, माझ्यासमोर नाही वाचली. दाराआड वाचली. वाचनाची आवड असलेली मुलगी हवी —

गॅलरीत कावळे. बसून आहेत. ओरडत नाहीत.

अक्षर असं का येतंय —

२ ऑक्टोबर, बुधवार

सकाळ. ऊन आलंय. पाय गार.

काकू पाट मांडताहेत. बासुंदीचा वास.

आईला लावलाय, स्पीकरवर. म्हटलं, एकदाच. माझ्यासाठी. मी खरंच मरतेय असं समज आणि रड. ती म्हणाली, इतकंच ना? घे, रडतो, ऐक.

रडते आहे. ऊं ऊं करून — लहान पोराला हसवायला करतात तसं. माही सोन्यासारखी पोर गेली वं बाई — मध्येच फिस्सकन हसली. विचारते, जमलं काय?

नाही जमलं आई. परत. खरं. खरं रड —

आवाज फुटत नाहीये. ओठ हलतात. बाहेर काही —

आई म्हणते, बोल ना वं. बोल. मग म्हणते, अगं मा, मेल्याचं सोंग घेतलं काय! वा! म्हणते, श्वासबी आवरून धरला पोरीनं, लय भारी —

हसते आहे. टाळ्या वाजवते आहे अकोल्यात एकटी —

आई हे सोंग न—

म्हणते, ठेवतो आता, दूध उतू चाललं. ठेवू नकोस. आई ठेवू न